राण्यांच्या बंडातले पणजोबा शोधताना

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे गृहस्थ ठाण्यात राहतात, मूळ घर गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या जवळ. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत की पणजोबा हे दिपाजी राणे यांच्या बंडात लढले (राणे हे सत्तरीतलं जमीनदार घराणं), पोर्तुगिजांनी त्यांना धरून तिमोरला धाडलं आणि ते परत आलेच नाहीत. माळ्यावर एक तलवार आहे. वडिलांचा जन्म १९४८ चा. आजोबा १९७० च्या आसपास वारले तेव्हा वयाची सत्तरी ओलांडून गेले होते. गावात ८६ वर्षांची आत्या आहे. यांना हवी आहे बंडखोरांची यादी, जिच्यात पणजोबांचं नाव सापडेल. शिवाय मूळ पुरुष संभाजी महाराजांच्या फौजेबरोबर गोव्यात आला असं म्हणतात, तेही कागदावर दाखवता येईल का, असं विचारलंय.

मी पणजीत जुन्या पोर्तुगीज दस्तांची भाषांतरं करते आणि मोडी वाचते. या कामाला २८ वर्षं झाली. माझ्याकडे येणारे बहुतेक लोक पूर्वज शोधायला येत नाहीत, भाट (नारळाची बागायत) कोणाच्या वाट्याला जातं ते शोधायला येतात. पूर्वज त्या ओघात सापडतात. त्यामुळे माझं मत थोडं एका बाजूला झुकलेलं आहे हे आधीच सांगून टाकते: लढाईच्या कागदापेक्षा वाटणीच्या कागदावर माझा जास्त विश्वास आहे.

तुम्ही यादी मागताय. समजा पणजोबांचं नाव विठू होतं, उद्या मी तुम्हाला यादी दिली आणि तिच्यात 'विठू, सत्तरी' असं लिहिलेलं सापडलं. तो तुमचा विठू कशावरून? सत्तरीत त्या काळी वाड्यावाड्यावर विठू होते, आणि अशा लष्करी यादीत शिपायाच्या वा कैद्याच्या नावापुढे आजोबांचं नाव, घराची खूण, कुलदैवत असलं काही लिहीत नाहीत. बापाचं नाव असलं तरी नशीब. म्हणजे 'पणजोबा बंडात होते का' हा तुमचा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न 'पणजोबा कोण होते' हा. त्यांचं कागदोपत्री नाव काय, वडील कोण, बायको कोणत्या गावची, जमीन कुठली, हे चार धागे हातात असतील तरच यादीतलं नाव ओळखता येतं. लोक नेमका हाच टप्पा गाळतात, थेट लढाईवर उडी मारतात आणि मग मिळेल त्या नावाला आजोबा म्हणतात.

आता साधा हिशेब करू. यासाठी कुठल्याही दप्तरात जायला नको. आजोबा १९७० ला सत्तरीच्या पुढे होते म्हणजे त्यांचा जन्म १९०० च्या आत, १८९५ ते १९०० मधला धरा. त्यांचे वडील, म्हणजे तुमचे पणजोबा, १८६५ ते १८७८ च्या दरम्यान जन्मलेले असावेत. दिपाजी राण्यांनी नाणूसचा किल्ला घेतला तो १८५२ साली, आणि ते प्रकरण १८५५ ला मिटलं. तुमच्या पणजोबांचा तेव्हा जन्मच झाला नव्हता. कुष्टोबा राण्यांचा उठाव १८६९ ते १८७१ चा, तोही बसत नाही. दादा राण्यांचं बंड १८९५ चं. तेव्हा पणजोबा १७ ते ३० वर्षांचे. हे बसतं. त्यानंतर १९१२ चा शेवटचा उठाव, तिथेही ते चाळिशीच्या आसपासचे असू शकतात. आणि तिमोरची हद्दपारी ही आठवण १८९५ च्या बंडालाच जुळते, कारण खुद्द दादा राण्यांनाच तिमोरला पाठवलं होतं.

म्हणजे घरची गोष्ट खोटी आहे असं नाही. तिच्यातलं नाव बदललं असावं. दिपाजी हे सत्तरीतलं सगळ्यात मोठं नाव, नाणूसला त्यांचं स्मारक आहे, दरवर्षी मानवंदना होते. शंभर वर्षांत सगळी बंडं त्यांच्या नावावर जमा होतात. दुसरी शक्यता अशी की दिपाजींबरोबर लढलेला माणूस पणजोबा नव्हता, पणजोबांचा बाप किंवा आजा होता, आणि मधली पिढी सांगताना गळली. माझ्या अनुभवात हे फार होतं. तोंडी परंपरेत पराक्रम टिकतो, पिढ्यांची संख्या टिकत नाही. म्हणून दोन्ही शक्यता उघड्या ठेवून शोधा, पण सुरुवात १८९५ पासून करा.

१८९५ चं प्रकरण नीट समजून घ्या, कारण शोधाची दिशा त्यावर ठरते. ते सुरू केलं राण्यांनी नव्हे, पोर्तुगिजांच्याच पगारावर असलेल्या मराठा शिपायांनी. त्यांना मोझांबिकला जाऊन लढायचा हुकूम झाला. समुद्रापार जायला ते तयार नव्हते. बरोबर हत्यारं घेऊन ते बाहेर पडले, सत्तरीत शिरले, आणि दादा राणे व त्यांची माणसं त्यांना मिळाली. ते मोडायला लिस्बनहून राजाचा भाऊ आफोंसो फौज घेऊन आला. तेव्हा तुमचे पणजोबा दोन तऱ्हेचे असू शकतात: राण्यांच्या बाजूचा गावकरी किंवा पळून आलेला शिपाई. हे कोणालाही विचारलं तर 'गावकरीच' असं उत्तर येतं, घरच्या गोष्टीला तेच शोभतं. पण मी तुमच्या जागी असते तर देवाला हेच मागितलं असतं की तो शिपाई निघू दे. गावकऱ्याचा कागद पकडला तेव्हाच होतो, आणि तोही बरा लिहिला असेल तर. शिपायाचा कागद भरतीच्या दिवसापासून असतो: वय, बापाचं नाव, गाव, उंची, अंगावरची खूण. बंडखोराची वंशावळ सरकारी नोकरीच्या कागदात सापडते, ही गंमत गोव्यात मी बरेचदा पाहिली आहे.

आता दप्तरं कुठली. पणजीतलं पुराभिलेख खातं हे पहिलं ठिकाण. हे आशियातल्या जुन्या दप्तरखान्यांपैकी एक, १५९५ साली दियोगु दु कौतु या इतिहासकाराच्या ताब्यात देऊन सुरू झालेलं. विसाव्या शतकात ते लावलं डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी, ते तुमच्या सत्तरीतल्याच पिसुर्ल्याचे. तिथे गेल्यावर 'माझे पणजोबा' असं सांगू नका, कोणालाच काही सुचणार नाही. 'सत्तरी, १८९५ ते १८९७, लष्करी पत्रव्यवहार' असं सांगा. दप्तर माणसाच्या नावाने लावलेलं नसतं, ते कुठल्या कचेरीने कुठल्या साली लिहिलं त्याप्रमाणे लावलेलं असतं. एवढं लक्षात आलं की निम्मं काम झालं.

दुसरं ठिकाण त्याहून सोपं आणि लोक ते विसरतात. पोर्तुगीज सरकारचं राजपत्र १८३७ पासून निघत होतं. त्याचे जुने अंक पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात पाहायला मिळतात. छापील आहे, वाचायला हस्ताक्षराची कटकट नाही. त्यात नेमणुका, बडतर्फ्या, फरारी लोकांना हजर होण्याच्या नोटिसा, जप्त मालमत्तेचे लिलाव, कोमुनिदादीच्या (गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेच्या) पावण्या म्हणजे लिलाव, सगळं येतं. १८९५ ते १८९८ ची पानं चाळायला चिकाटी असेल तर एक पंधरवडा पुरतो. पोर्तुगीज येत नसेल तरी चालेल, गावाचं नाव डोळ्यांनी शोधा आणि सापडलेलं पान भाषांतराला द्या. सगळा अंक भाषांतराला देणारे लोक मी पाहिलेत. माझी कमाई झाली, त्यांचं काम झालं नाही.

तिसरं लिस्बन. हद्दपारीचे आणि वसाहतींच्या कारभाराचे कागद तिथल्या सागरपार प्रांतांच्या ऐतिहासिक अभिलेखागारात असतात, लष्कराचे लष्करी अभिलेखागारात. पण लिस्बनला पत्र लिहायची घाई करू नका. नाव, बापाचं नाव, गाव आणि साल या चार गोष्टी नक्की नसताना पाठवलेल्या पत्राला 'आढळ होत नाही' एवढंच उत्तर येतं, आणि ते वाचून माणूस शोध सोडून देतो.

या चार गोष्टी नक्की करायची जागा म्हणजे मालमत्तेचे आणि वारशाचे कागद. इथे मी जरा जास्त बोलणार आहे.

गोव्यात पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून लागू झाली. हिंदूंच्या रूढींसाठी १८८० साली वेगळी तरतूद झाली, पण मालमत्तेचा मुख्य ढाचा तोच राहिला. लग्न झालं आणि वेगळा करार केलेला नसला की मालमत्ता नवराबायको दोघांची. याचा वंशावळ शोधणाऱ्याला मोठा फायदा होतो: जमीन विकायची तर बायकोची संमती लागायची. म्हणून गोव्यातल्या विक्रीखतात बायकोचं नाव असतं. महाराष्ट्रात त्या काळच्या कागदात बायका शोधून सापडत नाहीत. इथे त्या सापडतात, बऱ्याचदा अंगठ्यासकट. आणि प्रत्येक माणसाची ओळख एका ठरलेल्या साच्यात लिहिलेली असते: अमक्याचा मुलगा, अमक्या गावचा जन्म, अमक्या गावचा रहिवासी, विवाहित की विधुर, धंदा काय. एका विक्रीखतातून दोन पिढ्या हमखास निघतात. चार भाऊ मिळून विकत असतील तर आख्खं घर निघतं.

त्याहून मौल्यवान म्हणजे वारसदारीचा नोटरीचा दस्त, ज्याला आता सगळे सक्सेशन डीड म्हणतात, आणि कोर्टातला 'इन्व्हेंतार', म्हणजे मयताच्या मालमत्तेची यादी आणि वाटणी. माणूस मेला की कोणत्या दिवशी मेला, मृत्युपत्र होतं का, मागे कोण राहिलं, मुली कुठे दिल्या, जावई कोण, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. वारशाचा २०१२ चा नवा कायदा २०१६ पासून लागू झाला तरी ही पद्धत चालूच आहे, त्यामुळे तुमच्या आजोबांच्या मागे १९७० नंतर कोणी असा दस्त केला असेल तर तो आधी मिळवा. त्यात पणजोबांचं नाव असेलच. आणि 'हद्दपारीत वारले', 'बेपत्ता', 'अमुक तारखेला गावात वारले' यांपैकी काय लिहिलंय तेही कळेल. माझ्याकडच्या एका घरात लढाईत पडलेला म्हणून ज्याची तीन पिढ्या आरती केली, तो माणूस बंडानंतर वीस वर्षांनी गावात आजारपणाने वारला, असं त्याच्याच मुलाने नोटरीपुढे सांगितलेलं निघालं. घरच्यांनी तो दस्त परत कपाटात ठेवला. त्यांचा निर्णय, मी काही बोलले नाही.

साखळी कशी धरायची? आज गावच्या जमिनीचा फॉर्म १ व १४ (गोव्याचा सातबारा) काढा. त्यावर कोणाची नावं आहेत, कुळ कोण, मुंडकार (मालकाच्या जमिनीत घर करून राहणारा) कोण, ते पाहा. तिथून मागे जुन्या करनोंदणीचा मात्रीज क्रमांक, मग तालुक्याच्या जमीन नोंदणी कचेरीतलं वर्णन. तिथे एका मालमत्तेच्या पानावर एकामागून एक मालक लिहिलेले असतात. पुढून मागे. नेहमी पुढून मागे. कोणी राजघराण्यापासून खाली तुमच्यापर्यंत झाड काढून देतो म्हणाला तर त्याला नमस्कार करा आणि घरी या.

आता सत्तरीची अडचण. वर जे सांगितलं ते बार्देशात, सासष्टीत, तिसवाडीत, फोंड्यात सरळ चालतं. सत्तरीत पुष्कळ गावं मोकाशाची, म्हणजे सरकारने इनाम दिलेली. मालकी राण्यांकडे, कसणारा माणूस कागदावर नाही किंवा नुसता खंड भरणारा म्हणून आहे. कुमेरी (डोंगरावर झाडं जाळून फिरती शेती) करणाऱ्याचा तर जमिनीशी कागदी संबंधच नाही. तुमचं घर यातलं असेल तर जमिनीची साखळी आजोबांपाशी किंवा त्यांच्याही अलीकडे तुटेल, आणि तो तुमचा किंवा दप्तराचा दोष नाही. अशा वेळी मी मोकासदाराच्या बाजूचे कागद पाहते. खंडाच्या वह्या, कज्जे, साक्षीदार. कज्ज्यात साक्षीदाराचं वय आणि बापाचं नाव विचारतातच. गरीब माणूस दप्तरात मालक म्हणून दिसत नसला तरी साक्षीदार म्हणून दिसतो.

जन्ममृत्यूच्या नोंदीचंही असंच, जाऊ तिथे फरक. जुन्या काबिजादीतल्या (पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या तालुक्यांतल्या) ख्रिस्ती घरांना चर्चची बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यूची पुस्तकं आहेत, काही सतराव्या शतकापर्यंत मागे जातात. हिंदूंना ती सोय नाही. १९१० ला पोर्तुगालात प्रजासत्ताक आलं, त्यानंतर नागरी नोंदणी सगळ्यांना लागू झाली. म्हणजे तुमच्या आजोबांची जन्मनोंद मिळणार नाही, पण त्यांच्या लग्नाची मिळू शकते, आणि तिच्यात त्यांच्या आईवडिलांची नावं असतील. वडील हयात की मयत, हेही लिहितात. हा एक शब्द तुमच्या प्रश्नाला फार जवळचा आहे. तालुक्याच्या नागरी नोंदणी कचेरीत अर्ज करा, जुनी पुस्तकं तिथे नसतील तर पुराभिलेख खात्यात.

आता नावाचं. पोर्तुगीज कारकुनाने आपली नावं कानाने लिहिली, आणि त्याचा कान आपला नव्हता. कामतांचं कामोतीं, प्रभूंचं पोरोबो, शेणव्यांचं सिनाय, भटांचं बोटो, पैंचं पोय. पांडुरंगचा पांडुरोंगा. 'श' ऐकू आला की तिथे इंग्रजीतलं एक्स हे अक्षर, त्यामुळे सूचीत शांबा शोधायचा असेल तर एसखाली नाही, एक्सखाली. पुष्कळ ठिकाणी आडनावच नसतं, नाव आणि बापाचं नाव एवढंच. आणि आज जे तुमचं आडनाव आहे ते पणजोबांनी लावलं असेल असं धरून चालू नका. गावाच्या नावावरून, मानावरून, धंद्यावरून पडलेली आडनावं विसाव्या शतकात शाळेच्या दाखल्यावर पक्की झाली. आडनावाने शोधणारा फसतो. गाव, बापाचं नाव आणि बायकोचं नाव, या तीन पायांवर उभं राहा.

यात मी स्वतः कशी आपटले ते सांगते. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत. सुरुवातीच्या काळात फोंडा तालुक्यातल्या एका घराची साखळी लावताना मला बाबीचा मुलगा विठू सापडला, विठूचा मुलगा बाबी सापडला, आणि मी आनंदाने जोडून टाकलं. प्रत्यक्षात ते दोन वेगळे बाबी आणि दोन वेगळे विठू होते, मधल्या दोन पिढ्या मी गिळल्या होत्या. कागद कोर्टात गेला आणि समोरच्या वकिलाने विचारलं, हा गृहस्थ ११० वर्षांचा असताना जमीन विकतोय का? कोर्टात हशा पिकला. तेव्हापासून मी प्रत्येक नावापुढे बायकोचं नाव आणि सालं लिहिल्याशिवाय पुढे जात नाही. दोघांच्या बायका एकाच नावाच्या असणं अवघड. अशक्य नाही, कारण लग्नात मुलीचं नाव बदलतात. म्हणून माहेरचं नाव आणि सासऱ्याचं नाव मिळालं तर तेही.

संभाजी महाराजांच्या फौजेचं सरळ सांगते: ते तुम्हाला सिद्ध करता येणार नाही, आणि कोणी करून दिलं तर पैसे देऊ नका. मोहीम खरी आहे. १६८३ च्या शरदात विजरई (पोर्तुगीज व्हाइसरॉय) कोंदी द आल्व्होरने फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला, मराठ्यांनी तो उधळला, २४ नोव्हेंबरच्या रात्री जुवें बेट घेतलं, पुढे बार्देश आणि सासष्टीत शिरले आणि मोगल फौज जवळ येऊ लागली तसे मागे फिरले. पोर्तुगीज बाजूचा शेजारच्या राजांशी झालेला पत्रव्यवहार पणजीच्या दप्तरात वेगळ्या पुस्तकांत आहे, मराठी बाजूचं बरंच पुण्यात आहे. पण त्यात सरदारांची, किल्लेदारांची, वकिलांची नावं. सत्तरीत मागे राहिलेल्या एका साध्या शिपायाचं नाव तिथून १८९५ पर्यंत आणायला सात-आठ पिढ्यांचा पूल लागतो. त्यात सत्तरी पोर्तुगिजांकडे आली तीच अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, त्याआधी ती सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलात, म्हणजे पुलाचे खांबही दोन वेगळ्या सरकारांच्या जमिनीत.

तरीही घरात एखादा मोडी कागद निघालाच तर तो फेकू नका आणि प्लास्टिकमध्ये घालून चिकटपट्टी लावू नका. आधी त्याचं साल पाहा. शक असेल तर ७८ मिळवा. 'अर्बा समानीन अलफ' असं अरबी शब्दांत असेल तर ते सुहूर सन १०८४, त्यात ५९९ मिळवले की १६८३. नेमकं हे साल तुमच्या कागदावर निघालं तर मला उठवायला मध्यरात्रीही चालेल. पण बहुतेक घरांत निघतात ती एकोणिसाव्या शतकातली कर्जखतं.

त्या काळाचं काही सांगू शकतं तर ते कुलदैवत. सोळाव्या शतकात सासष्टी-तिसवाडीतली देवळं पाडली तेव्हा देव आणि माणसं खाडी ओलांडून फोंड्याकडे आली. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, लोटलीचा रामनाथ बांदोड्याला. ज्यांचं कुलदैवत यातलं, त्यांचं मूळ गाव त्यातून कळतं. वंश कळत नाही, कारण एका देवाला हजारो घरं. अशा मोठ्या देवस्थानांच्या महाजनांच्या नोंदवह्या असतात. महाजन म्हणून नाव घालायला बापाचा वारसा दाखवावा लागतो, म्हणून त्या वह्या वंशावळीच आहेत. कोमुनिदादीच्या गावकारांच्या वांगडवार (कुळीनुसार) याद्याही तशाच: जण, म्हणजे उत्पन्नातला वाटा, मिळायचा तो पुरुष वंशाने, तेव्हा पैसे वाटणाऱ्याने वंश नीट लिहून ठेवला. तुमच्या सत्तरीत सातेरी आणि रवळनाथ. तिथे वही नसेल पण शिगम्याला मांडावर (गावाच्या उत्सवाच्या जागी) पहिला नारळ कोणाचा, दुसरा कोणाचा, तरंग (देवाचा सजवलेला खांब) कोण धरतो, हा क्रम पक्का असतो. तो लिहून घ्या. तुमचं घर त्या क्रमात वर असेल तर ते गावात जुनं आहे. शेवटी किंवा बाहेर असेल तर नंतर आलेलं. १६८३ नसेल सिद्ध होत, पण 'आम्ही बाहेरून आलो' एवढ्या भागाला आधार मिळू शकतो.

आणि तलवार. सत्तरीत तलवार असणं म्हणजे काही विशेष नाही, दसऱ्याला पुजायला आणि शिगम्यात नाचवायला घरोघरी असायची. पात्यावर अक्षरं किंवा शिक्का असला तर फोटो काढा. घासून चकचकीत मात्र करू नका, नाहीतर असलेलाही जाईल.

तुमच्या नातलगांत कोणी १९४६ नंतरच्या मुक्तिलढ्यात असेल तर तो शोध याच्या तुलनेत सोपा आहे. लष्करी न्यायालयाचे निकाल, आग्वादच्या तुरुंगाच्या नोंदी, स्वातंत्र्यसैनिकांच्या सरकारी याद्या, निवृत्तिवेतनाच्या फायली. तिथे कागद कमी नाहीत, उलट जास्त झालेत, त्यामुळे मूळ निकालपत्र पाहिल्याशिवाय नंतरच्या दाखल्यावर विसंबू नका. बार्देश-सासष्टीतल्या घरांत दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश जहाजांवर बुडालेले तार्वटी (खलाशी) असतात. त्यांची नावं राष्ट्रकुल युद्धस्मृती आयोगाच्या सूचीत संगणकावर घरबसल्या शोधता येतात.

एक पोटप्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण बरेच जण याच वाटेने तिथे पोचतात: पोर्तुगीज पासपोर्ट. त्यासाठी बंडखोर पणजोबा लागत नाहीत, १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्या आईवडिलांची किंवा आजीआजोबांची जन्मनोंद लागते. आणि तो घेतला की भारतीय नागरिकत्व जातं. वंशावळीच्या हौसेत या दोन गोष्टींची गल्लत करू नका, आणि जन्मनोंद 'दुरुस्त करून देतो' म्हणणाऱ्या दलालाला दारात उभं करू नका.

तुम्हाला करायच्या गोष्टी या क्रमाने करा: फॉर्म १ व १४, आजोबांच्या लग्नाची नोंद, आजोबांच्या मागे झालेला वारसदारीचा दस्त, मग राजपत्राची १८९५ ते १८९८ ची पानं, मग पुराभिलेख, आणि सगळ्यात शेवटी लिस्बन. सहा महिने धरून चला. पावसाळ्यात दप्तरं चाळायला येऊ नका, दमट पानं एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना फाटतात.

पण या सगळ्याच्या आधी, जमलं तर याच शनिवार-रविवारी, आत्याकडे जा. वह्या-पेन समोर ठेवून 'बंडाबद्दल सांग' असं म्हणू नका, ती तुम्हाला तुमचीच गोष्ट परत सांगेल. तीन साध्या गोष्टी विचारा. आजोबा हयात असताना घरात म्हाळ कुठल्या तिथीला व्हायचा? आजोबा म्हाळ घालायचे तो त्यांच्या वडिलांचा, म्हणजे तुमच्या पणजोबांचा. पंचमी, अष्टमी अशी एखादी ठरलेली तिथी असेल तर मरणाचा दिवस घराला माहीत होता, म्हणजे एकतर ते घरी परतून वारले किंवा तिकडून निश्चित बातमी आली. सर्वपित्री अमावास्येला व्हायचा असेल तर तिथी माहीत नव्हती असं म्हणता येईल. दुसरं, म्हाळाला भटजी कुठून यायचे, आणि आता त्यांच्या घरात कोण आहे? तीन पिढ्यांची नावं आणि गोत्र त्यांच्या वहीत असणार, कारण संकल्पात ती घ्यावीच लागतात. आणि बारा वर्षं वाट पाहून पालाशविधी (बेपत्ता माणसाचा पळसाच्या पानांच्या प्रतिमेवर केलेला अंत्यविधी) केला होता असं काही तिच्या कानावर आहे का.

तिसरं विचारताना जरा थांबून विचारा. आत्या लहान असताना तिची आजी, म्हणजे तुमची पणजी, हयात होती का, आणि असली तर ती कुंकू लावायची का. ८६ वर्षांच्या बाईला आजीचं कपाळ आठवतं. काय म्हणाली ते मला कळवा, पुढचं त्यावर ठरवू.